वॅट कोणत्या गावचा?



वसंत ऋतूतील या व्याख्यानांना आपण दरवर्षी येता ते संतवाङ्मय, राजकारण, शेती, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर चार शब्द ऐकण्यासाठी. त्या मानाने आमचा आजचा विषय थोडा चमत्कारिक वाटेल. मोटारीत गाणी वाजविण्यासाठी जो अॅम्प्लिफायर बसवितात, तो सबवूफर नावाच्या धष्टपुष्ट स्पीकरला खरोखर किती शक्ती देतो आणि ती शक्ती मोजावी कशी, या प्रश्नाचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. विषय दिसायला लहान आहे. पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडला आहे, आणि तो आहे खऱ्या मापाचा.

आमच्या आळीतला एक तरुण भाड्याने जीप चालवितो. लग्नाच्या वऱ्हाडाला गाणी लागतात, म्हणून त्याने पतपेढीचे कर्ज काढून एक अॅम्प्लिफायर आणि एक सबवूफर घेतला. अॅम्प्लिफायरच्या कपाळावर मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिले होते, ‘२००० वॅट’. स्पीकरवर लिहिले होते, ‘१००० वॅट’. पहिल्याच सराईत दोन लग्ने वाजली, तिसऱ्याला स्पीकरातून जळका वास आला आणि तो कायमचा मुका झाला. तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, “काका, दोन हजार वॅट म्हणतात तर आवाज एवढासाच कसा? आणि आवाज एवढासाच होता, तर स्पीकर जळला कसा?”

प्रश्न दोन्ही बिनतोड होते. त्यांचे उत्तर देण्यासाठी आम्हाला अडीचशे वर्षे मागे जावे लागले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना शेर-पायलीचे दिवस आठवत असतील. एक पक्का शेर, एक कच्चा शेर. एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेत चालत नसे. जाणता गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी माप विचारी. १९५६ च्या कायद्याने आपल्या देशात दशमान वजनमापे आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात रुजली आणि किलोग्रॅम सगळीकडे एकच झाला. वॅट हे मापही वास्तविक साऱ्या जगात एकच आहे. पण बाजारात, विशेषतः मोटारीतील ध्वनियंत्रांच्या बाजारात, ते कित्येक वर्षे एक राहिले नाही. तेथे आजही जाणत्या गिऱ्हाइकाने आधी विचारावे लागते, की वॅट कोणत्या गावचा?

आता मुळापासून सुरुवात करू. ज्याच्या नावाने हे माप ओळखले जाते, तो जेम्स वॅट १७३६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. वाफेच्या इंजिनात त्याने जी सुधारणा केली ती सर्वश्रुत आहे. परंतु शक्तीचे माप त्याला कसे सुचले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन हे आपले इंजिन खाणवाल्यांना देत, तेव्हा मोबदल्याची रीत अशी होती, की जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश किमतीइतकी रक्कम त्यांना मिळावी. ही रीत खाणीवर चालली. पण ज्या कारखान्यात पूर्वी इंजिनच नव्हते, घाण्याला जुंपलेले घोडे होते, तेथे कोळसा वाचण्याचा प्रश्नच नव्हता. तेथला मालक विचारणार, ‘तुमचे इंजिन माझ्या किती घोड्यांचे काम करील?’ म्हणून १७८० च्या दशकात वॅटने घोड्याचे काम मोजले. त्याने ठरविले, की एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या भाषेत ७४६ वॅट. म्हणजे सुमारे ७६ किलो वजन दर सेकंदाला एक मीटर वर नेणे.

यातील मौज अशी, की सामान्य घोडा दिवसभर इतके काम करू शकत नाही. वॅटने घोड्याला जास्तच मोठा ठरविला. परिणाम काय झाला? ज्याने दहा अश्वशक्तीचे इंजिन विकत घेतले, त्याला दहा सामान्य घोड्यांपेक्षा अधिक काम मिळाले. मापात चूक असेल तर ती गिऱ्हाइकाच्या पदरात पडत होती. श्रोतेहो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शक्तीचे हे माप जन्मले ते विकणारा आणि घेणारा यांच्या व्यवहारातून, आणि जन्मतःच ते घेणाऱ्याच्या बाजूला किंचित झुकलेले होते. पुढे दोनशे वर्षांनी त्याच वॅटच्या नावाने काय झाले, ते आपण पाहणारच आहोत.

पुढचे पाऊल विजेचे. १८२७ मध्ये जर्मनीत गेऑर्ग ओहम याने दाखविले, की तारेतून वाहणारा प्रवाह हा विजेच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात घटतो. १८४१ मध्ये इंग्लंडात जेम्स जूल याने सिद्ध केले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. या दोन नियमांच्या सांध्यातून आजचे सारे गणित निघते. दाब व्होल्टमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, रोधाने भागा, उत्तर शक्ती. १८८२ साली विल्यम सीमेन्स याने ब्रिटिश असोसिएशनच्या साउथॅम्प्टन येथील अधिवेशनात अध्यक्षपदावरून सुचविले, की एक व्होल्ट दाबाने एक अॅम्पिअर प्रवाह वाहताना जी शक्ती खर्च होते, तिला वॅटचे नाव द्यावे. वॅट हयात असता तर त्याला नवल वाटले असते. कारण वीज हा त्याचा प्रांतच नव्हता.

बॅटरीच्या सरळ प्रवाहापुरते हे सारे सोपे होते. अडचण आली ती उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाने. असा प्रवाह अर्धा वेळ इकडे, अर्धा वेळ तिकडे वाहतो. त्याची सरासरी काढली तर शून्य येते. आणि तार तर तापतेच! तेव्हा शास्त्रज्ञांनी जूलच्या नियमाचा आधार घेतला. उष्णता वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रत्येक क्षणाच्या दाबाचा वर्ग घ्यावा, त्या वर्गांची सरासरी काढावी आणि सरासरीचे वर्गमूळ घ्यावे. यालाच आज बाजारात ‘आरएमएस’ म्हणतात. अर्थ एवढाच, की जो सरळ दाब तारेला तितकाच तापवील, तितका हा उलटसुलट दाब. शुद्ध लहरीसाठी हा आकडा शिखराच्या ०.७०७ पट असतो. येथे एक खुलासा करतो. दुकानात ‘आरएमएस वॅट’ असा शब्द वापरतात, तो शास्त्रशुद्ध नाही. वर्गमूळ काढावयाचे ते दाबाचे; त्यावरून जी शक्ती येते ती सरळ सरासरी शक्ती असते. पण शब्द रूढ झाला आहे आणि त्याच्या मागचा हेतू प्रामाणिक आहे. म्हणून आम्ही त्याच्याशी भांडत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. उलटसुलट प्रवाहात दाब आणि प्रवाह हे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. तारेचे वेटोळे मध्ये असेल तर प्रवाह मागे रेंगाळतो. अशा वेळी व्होल्टचा आकडा आणि अॅम्पिअरचा आकडा यांचा नुसता गुणाकार केला, तर तो खऱ्या शक्तीपेक्षा मोठा येतो. झोका मागे येत असताना त्याला पुढे ढकलू पाहणाऱ्या माणसाचे श्रम जसे वाया जातात, तसाच हा प्रकार. लंडनमध्ये आयर्टन आणि सम्पनर यांनी १८९१ मध्ये तीन व्होल्टमापक एकदम लावून खरी शक्ती काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. सबवूफरला पोचणारी शक्ती मोजताना आजचे हौशी लोक जी चूक करतात, तिचे निदान असे एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले आहे.

आता आवाजाकडे वळू. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा वक्त्याला फुफ्फुसांखेरीज दुसरे साधन नव्हते. सभा किती मोठी असावी, याला मानवी कंठाची मर्यादा होती. ती मर्यादा अमेरिकेत मोडली. १९१५ मध्ये जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आपला फिरत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक जाहीर रीतीने वाजवून दाखविला. आणि सप्टेंबर १९१९ मध्ये सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर अध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्यांच्याच यंत्राने सुमारे ५०,००० लोकांच्या कानी पोचविले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाचे शास्त्र मांडले. आज मोटारीत, घरात, मिरवणुकीत जो स्पीकर वाजतो, तो मूलतः त्याच घराण्यातला आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला शंकू. वेटोळ्यात वीज नाचली की शंकू नाचतो आणि शंकूबरोबर हवा.

या यंत्राचा एक दोष मात्र प्रथमपासून आहे. त्याला दिलेल्या शक्तीपैकी साधारण शेकडा एक, कित्येकदा त्याहूनही कमी, एवढाच भाग आवाज होऊन बाहेर येतो. बाकी सारी उष्णता. म्हणजे स्पीकर हा मुख्यतः एक विजेची शेगडी असून जाता जाता थोडे गाणे म्हणतो, असे म्हटले तरी चालेल! आमच्या तरुणाचा स्पीकर का जळला, याचा पहिला धागा येथे आहे.

१९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने ‘मोटोरोला’ नावाचा रेडिओ मोटारीत बसविला. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी निव्वळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ काढला. १९५० च्या दशकातच अमेरिकन मोटारींची बॅटरी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेली. आपल्या विषयाची सारी गंमत या १२ व्होल्टमध्ये आहे. म्हणून थोडे गणित सहन करावे, ही विनंती.

इंजिन चालू असता मोटारीतला दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. साध्या जोडणीत अॅम्प्लिफायर त्यातला निम्मा, म्हणजे ७.२ व्होल्टचे शिखर गाठू शकतो. त्याचा परिणामी दाब सुमारे ५.१ व्होल्ट. त्याचा वर्ग २६. त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागा. उत्तर साडेसहा वॅट. झाले! दोन अॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन टोकांना उलटे जोडले, तर शिखर १४.४ व्होल्टचे होते आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर आपला हिस्सा कापून घेतात आणि १८-२० वॅट हाती पडतात. मग मोटारीतल्या रेडिओवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते ते कोठून येते? १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, ५१.८ येतात. म्हणजे लहर गोल न राहता तिचे डोके आणि पाय पूर्ण छाटून तिचा चौकोन झाला, तर ही शक्ती निघते. ते संगीत नव्हे, तो खरखराट. आकडा गणिताने अगदीच खोटा नाही. पण त्या आकड्यावर कोणी गाणे ऐकू शकत नाही. अशा रेडिओच्या पाठीमागे पुष्कळदा १० अॅम्पिअरचा फ्यूज असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. घागरीत १४४ तांब्ये पाणी असता तिच्यातून २०० तांब्ये काढून दाखविण्याचा हा प्रकार झाला.

अशी आकडेबाजी मोटारीत जन्मली नाही. ती घरातील ध्वनियंत्रांत आधी माजली. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत घरोघरी उंची ध्वनियंत्रे घेण्याची हौस वाढली. विक्रेत्यांनी पाहिले, की गिऱ्हाईक मोठ्या आकड्याला भुलते. मग सरासरी शक्तीऐवजी ‘संगीतशक्ती’ आली; म्हणजे यंत्र क्षणभर जी देऊ शकेल ती. नंतर ‘शिखरशक्ती’ आली. ती सरासरीच्या दुप्पट. दोन्ही बाजूंच्या अॅम्प्लिफायरांची बेरीज केली, की पुन्हा दुप्पट. यंत्र तेच, आकडा मात्र चौपट-पाचपट. आपल्याकडे १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे शेकडो, क्वचित हजारो वॅट छापलेले असत, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. यंत्र मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर, वा पाच-सहा सेलांवर चाले!

अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला. शक्ती सांगावयाची असेल तर ती सतत देता येणारी सरासरी शक्ती सांगा. कोणत्या भारावर, कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत आणि किती विकृतीसह, तेही सांगा. शिवाय यंत्र आधी तासभर एक तृतीयांश शक्तीवर चालवून तापवा आणि मगच मोजा. हा एक तृतीयांश फार मार्मिक होता. त्या काळच्या अॅम्प्लिफायरांचे ट्रान्झिस्टर पूर्ण शक्तीवर सर्वांत जास्त तापत नसत. ते तापत साधारण दोन पंचमांश शक्तीच्या आसपास. कच्चे यंत्र त्या तासातच उघडे पडे. पुढे २००० साली ही अट सैल झाली, आणि २०२४ मध्ये मोजणीच्या इतर अटी पुन्हा काटेकोर करण्यात आल्या. परंतु या नियमाच्या नावातच मर्यादा होती. तो घरातील करमणुकीच्या साधनांसाठी होता. मोटार त्यातून सुटली, आणि आकडेबाजी घरातून निघून मोटारीत येऊन बसली.

मोटारीत तिला जमीनही सुपीक मिळाली, कारण सबवूफर. ढोलाचा ठोका, मृदंगाची धूम, हे खर्जातले स्वर वाजविण्याला शक्ती फार लागते. कारणे दोन. पहिले कानाचे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले, की आपला कान खर्जाला फार मंद आहे. दर सेकंदाला ४० कंपनांचा स्वर नुसता ऐकू येण्यासाठी १००० कंपनांच्या स्वरापेक्षा सुमारे ५० डेसिबेल अधिक जोर लागतो. शक्तीच्या हिशेबात एक लाख पट. दुसरे कारण हवेचे. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढावयाचा तर शंकूला चौपट लांब हेलकावा घ्यावा लागतो. म्हणून सबवूफर मोठा, त्याचे वेटोळे जाड आणि त्याची भूक दांडगी. १२ व्होल्टमधून एवढी शक्ती निघत नाही. तेव्हा मोटारीच्या अॅम्प्लिफायरमध्ये आधी बॅटरीचा दाब चढविणारे यंत्र बसवू लागले. शक्ती खरीच वाढली. पण लेबलावरचे आकडे तिच्याही पुढे धावले.

२००३ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादकांच्या संघटनेने मोटारीच्या अॅम्प्लिफायरसाठी मानक ठरविले, ‘सीईए-२००६’. त्याच्या अटी चारचौघांना समजतील अशा आहेत. बॅटरीचा दाब १४.४ व्होल्ट धरा. भार ४ ओहमचा. विकृती आणि खरखर मिळून शेकडा एकहून अधिक नको. आणि शक्ती ठरलेल्या स्वरपट्ट्यात सतत मिळाली पाहिजे. हे मानक ऐच्छिक आहे. ज्याला हवे तो पाळतो. पण ज्या अॅम्प्लिफायरवर त्याचा शिक्का आहे, त्याचा वॅट कोणत्या गावचा, हे विचारावे लागत नाही.

आता मापनाची प्रत्यक्ष रीत. स्पीकर काढून ठेवतात आणि त्याच्या जागी ४ ओहमचा जाड रोधक जोडतात. ५०-६० कंपनांचा शुद्ध स्वर लावतात. टोकांवर व्होल्टमापक आणि लहरीचे चित्र दाखविणारा ऑसिलोस्कोप. आवाज चढवीत जावे. लहरीचा माथा सपाट होऊ लागला की थांबावे, किंचित खाली यावे आणि आकडा वाचावा. ४० व्होल्ट आले तर वर्ग १६००, भागिले ४, म्हणजे ४०० वॅट.

येथे कोणी विचारील, की रोधक कशाला? खऱ्या स्पीकरवरच का मोजू नये? मोजावे, पण जपून. स्पीकरवर ‘४ ओहम’ लिहिलेले असते, ते नाममात्र. फिरते वेटोळे स्वतःच वीज निर्माण करून येणाऱ्या विजेला विरोध करते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात खोक्यात बसविलेल्या स्पीकरच्या या वागणुकीचे गणित मांडले. खोक्याच्या आवडत्या स्वराला तोच ४ ओहमचा स्पीकर २५ ओहमचाही होऊ शकतो. तेच ४० व्होल्ट दिले तर तेव्हा शक्ती जाते फक्त ६४ वॅट. त्या स्वराच्या आजूबाजूला प्रवाह मागेपुढे सरकतो. ४० व्होल्ट आणि ४ अॅम्पिअर दिसले, तरी त्यांचा १६० हा गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत. खरे वॅट शंभरही नसतील. हीच ती आयर्टन-सम्पनरांची जुनी गोष्ट. आणि वेटोळे तापले की तांब्याचा रोध दर अंशाला शेकडा ०.३९ ने वाढतो. १८० अंशांनी तापले तर तो १.७ पट होतो आणि त्याच दाबाला शक्ती निम्म्याहून थोडीच अधिक उरते. म्हणून अॅम्प्लिफायरची कुवत मोजावयाची ती रोधकावर. आणि स्पीकरला प्रत्यक्ष काय मिळाले हे पाहावयाचे, तर क्षणाक्षणाला दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार करून सरासरी काढणारे यंत्र हवे. दोन्ही मापे खरी. पण ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

त्या तरुणाचा अॅम्प्लिफायर आम्ही असाच मोजला. रोधक एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मागून आणला. लहरीचा माथा सपाट होण्याआधी ३० व्होल्ट मिळाले. वर्ग ९००, भागिले ४, सव्वादोनशे वॅट. अॅम्प्लिफायर पालथा करून पाहिला तर फ्यूज ३० अॅम्पिअरचा. १४.४ ने गुणले तर ४३२. म्हणजे आत जाणारी शक्तीच मुळी सुमारे सव्वाचारशे. त्यातली निम्मी-अधिक बाहेर, उरलेली उष्णता. फ्यूज क्षणभर थोडा अधिक प्रवाह सोसतो हे खरे, पण पाचपट नव्हे. कपाळावरचे सोनेरी अक्षर काय वाटेल ते बोलत होते. पोटातला काचेएवढा फ्यूज मात्र पहिल्यापासून खरी साक्ष देत होता. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

आणि स्पीकर जळला तो यामुळेच. दोन हजार वॅट आहेत या भरवशावर तरुणाने आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली. लहरीचा चौकोन झाला. चौकोनी लहरीत शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती असते. शंकू मात्र तितका अधिक हलत नाही, त्यामुळे वेटोळ्याला वारा लागत नाही. सव्वादोनशेहून अधिक वॅट तासन् तास वेटोळ्यात उष्णता होऊन बसले. आणि ज्या स्पीकरवर १००० लिहिले होते, त्याचा आकडाही त्याच गावचा होता. एका खोट्या मापाने भोळ्या गिऱ्हाइकाला पिळायला लावले, दुसऱ्याने ते सोसेल असे वचन दिले. मधल्यामध्ये कर्ज झाले त्याचे.

शेवटी एक गोष्ट साऱ्या गावाच्या हिताची. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा असा आवाज हवा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे हजाराचे दोन हजार वॅट करण्यासाठी जो पैसा ओततात, त्याचे फळ कानाला जेमतेम कळते. तरी आकड्यांची चढाओढ मोटारीतून टेम्पोत आणि टेम्पोतून मिरवणुकीत गेलीच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. परंतु हे डेसिबेल ज्या पद्धतीने मोजतात, ती कानाच्या मंदपणाप्रमाणे खर्जाला वजा करते. ५० कंपनांच्या स्वरातून ३० डेसिबेल आधीच कापले जातात. म्हणून मापकाचा काटा फारसा हलत नाही आणि घरातल्या आजारी माणसाची खिडकी व छाती मात्र थरथरते. नियम खोटा नाही, मापकही खोटा नाही. पण ज्या मापाने ठोका मोजावयाचा, ते माप ठोक्यासाठी घडविलेले नाही. डेसिबेललाही तोच प्रश्न विचारावा लागतो, की तू कोणत्या गावचा?

श्रोतेहो, जेम्स वॅटच्या मापातली चूक गिऱ्हाइकाच्या पदरात पडली, म्हणून त्याच्या इंजिनावर लोकांचा विश्वास बसला आणि त्याचे नाव मापाला मिळाले. त्याच नावाने पुढे उलटी चूक विकली गेली. दोन्हींमध्ये मोजावयाची ती शक्तीच आहे. फरक आहे तो माप कोणाच्या बाजूने झुकते याचा. हे ओळखण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. फ्यूजवरचा आकडा वाचावा, १४.४ ने गुणावे, निम्मे करावे; तेवढे गणित शाळेतला मुलगाही करील.

त्या तरुणाने नवा स्पीकर घेतला आहे, ३०० वॅटचा, शिक्का पाहून. अॅम्प्लिफायर तोच आहे. त्याच्या सोनेरी अक्षरांवर त्याने कागदाची एक पट्टी चिकटविली असून तीवर शाईने लिहिले आहे, ‘२२५’. वऱ्हाडी मंडळी विचारतात, “एवढेच?” तो म्हणतो, “एवढेच, पण खरे.” आणि आम्ही ऐकले आहे, की आवाज कोणाला कमी पडलेला नाही.